हप्ता कोणत्या देशातून भरणार?

भाऊबीजेला ओवाळून झालं. दादानं दरवर्षीप्रमाणे ताटात पाचशेची नोट टाकली आणि पाटावरून उठता उठता म्हणाला, "जेवण झालं की जरा बस माझ्याजवळ. पोराचं बघायचंय." स्वयंपाकघरातून वहिनींचा आवाज आला, "आधी जेवू तर द्या तिला!" त्या आवाजावरूनच कळलं की विषय घरात बराच तापून गेलाय आणि मला शेवटी बोलावलंय.

जेवणानंतर फाइल आली. प्लास्टिकची, बटण लावायची. आत सिटी सर्व्हेचा उतारा, गेल्या तीन वर्षांच्या घरफाळ्याच्या पावत्या, दादाच्या पीएफचा कागद आणि एका कन्सल्टन्सीचं गुळगुळीत पत्रक. भाचा मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याला अमेरिकेत इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगमध्ये एमएस करायचंय. त्यानं निवडलेल्या सरकारी विद्यापीठाचा वर्षाचा खर्च, फी आणि राहणं-खाणं धरून, ३६,४०० डॉलर. दोन वर्षांचे ७२,८००. डॉलर ८८ रुपयांना धरला की ६४ लाख. त्यातले १९ लाख दादाच्या एफडी आणि पीएफमधून, उरलेले ४५ लाख कर्ज. आणि कर्जाला तारण हे इचलकरंजीचं घर. आण्णांनी, आमच्या वडिलांनी, बांधलेलं.

मला विचारायचं कारण सरळ होतं. गेली वीस वर्षं मी हेच काम करते. चाकणला गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात लाईनवर कोण किती पावलं चालतं, कुठला बोल्ट कुठल्या हातानं उचलतं, एका शिफ्टमध्ये किती नग निघायला हवेत, हे बघायचं. माझी डिग्री प्रॉडक्शनची, पण काम इंडस्ट्रियल इंजिनिअरचं. वहिनी अजूनही शेजारणींना सांगतात, "ती कंपनीत घड्याळ घेऊन उभी राहते." तेही खरंच आहे.

पत्रकावर मोठ्या अक्षरात होतं: सरासरी पगार १ लाख डॉलर. भाचा म्हणाला, "आत्या, हे खोटं नाही. मी त्यांच्या सरकारी साइटवर बघितलं." त्याचं बरोबर होतं. अमेरिकेच्या कामगार खात्याच्या आकडेवारीत २०२४ साली इंडस्ट्रियल इंजिनिअरचा मधला पगार १ लाख डॉलरच्या जरासा वरच आहे. मधला म्हणजे सगळ्यांना ओळीनं उभं केलं की बरोबर मध्यावर जो येईल त्याचा. पण त्या ओळीत कोण कोण उभं आहे? वीस वर्षं काम केलेला प्लँट मॅनेजरच्या खालचा माणूसही तिथे आहे, विमानाच्या कारखान्यात मुरलेला पन्नाशीचा गृहस्थही आहे. आमचा पोरगा त्या ओळीच्या अगदी सुरुवातीला उभा राहणार. शिवाय इंडस्ट्रियल इंजिनिअरला चांगला पगार देणारी विमानं आणि संरक्षणाची बरीच कामं तिथे नागरिक किंवा ग्रीन कार्डवाल्यांसाठीच असतात, निर्यात-नियंत्रणाच्या कायद्यामुळे. म्हणजे ओळीतल्या काही खुर्च्यांवर त्याला बसताच येणार नाही.

मग त्यानं दुसरा आकडा काढला. "आमच्या कॉलेजचा एक सीनिअर आहे. ९५ हजारांवर लागला. फ्रेशर."

इथे मला माझी पहिली टाईम स्टडी आठवली. २००६ साल. सीटच्या असेंब्लीची लाईन. मी नवीन, हातात स्टॉपवॉच, कागद लावलेला पॅड. लाईनवर एक ऑपरेटर होता, अकरा वर्षांचा अनुभव, हात असा बसलेला की बघत राहावं. मी त्याचीच दहा आवर्तनं मोजली, सरासरी काढली आणि तोच वेळ प्रमाण म्हणून लावला. दुसऱ्या शिफ्टला नवी पोरं होती. दोन दिवसांत लाईन बोंबलली. युनियनचे एक वयस्कर काका माझ्या टेबलापाशी आले, रागावले नाहीत, नुसतं म्हणाले, "मॅडम, घोड्याची वेळ लावलीत आणि बैल जुंपलेत."

म्हणून वेळ मोजताना रेटिंग लावतात. ऑपरेटर नेहमीच्यापेक्षा सव्वापट वेगानं काम करत असेल तर त्याचा वेळ त्या हिशोबानं वाढवून घ्यायचा. त्यावर पुन्हा पाणी प्यायला, थकव्याला, मटेरियल उशिरा येण्याला वेगळी सूट धरायची. तेव्हा कुठे प्रमाण वेळ निघते. तो सीनिअर घोडा आहे, हे मी भाच्याला सांगितलं. त्याला पटलं की नाही कोण जाणे. पण हसला.

आता एक गोष्ट, जी मला स्वतःलाही त्या दुपारी लॅपटॉप उघडून बसल्यावरच नीट कळली. अमेरिकेच्या शिक्षण खात्याचं 'कॉलेज स्कोअरकार्ड' म्हणून एक संकेतस्थळ आहे, २०१५ पासूनचं. तिथे कॉलेज निवडा, शाखा निवडा, आणि त्या शाखेतून बाहेर पडलेल्यांची कमाई आणि त्यांच्या डोक्यावरचं कर्ज, दोन्ही समोर येतं. इतकं उघड, इतकं शाखानिहाय. आपल्याकडे कॉलेजच्या गेटवर 'हायेस्ट पॅकेज'चा फ्लेक्स लागतो, त्यापुढे हे फारच सभ्य वाटतं. भाच्याचा सगळा भर त्यावरच होता. कमाई इतकी, कर्ज इतकं, भागाकार केला की झालं.

पण ते आकडे कोणाचे? ज्या विद्यार्थ्यांनी अमेरिकन सरकारची शैक्षणिक मदत घेतली त्यांचे. इचलकरंजीहून गेलेल्या पोराला ती मदत मिळतच नाही, म्हणून तो त्या कमाईच्या रकान्यात नाही. आणि कर्जाच्या रकान्यात तर नाहीच, कारण तिथलं कर्ज सरकारी, आणि त्यातल्या पुष्कळ कर्जांना उत्पन्नानुसार हप्ता कमी करून घेण्याची सोय असते. पगार घटला तर हप्ता घटतो. आपल्या बँकेचा हप्ता पगार विचारत नाही. त्याची तारीख फक्त ठरलेली असते.

थोडक्यात, ज्या तक्त्यावरून भाचा आयुष्य ठरवत होता त्या तक्त्यात त्याच्यासारखा एकही जण मोजलेला नव्हता. दुसऱ्याच्या लाईनची टाईम स्टडी आपल्या लाईनला चिकटवल्यासारखं झालं.

मी एक रिकामं शीट उघडलं. म्हटलं, आता आपलं आपण मोजू.

४५ लाख, चार सेमिस्टरला चार सारखे टप्पे, व्याज १० टक्के. शिकत असताना आणि नंतरचे सहा महिने हप्ता नाही, पण व्याजाचं मीटर पहिल्या दिवसापासून पडतं. सरळ व्याज धरलं तरी हप्ता सुरू होईपर्यंत ७ लाख ८७ हजार चढतात. म्हणजे फेडायला सुरुवात ५२ लाख ८७ हजारांपासून. दहा वर्षांची मुदत घेतली तर महिन्याचा हप्ता जवळपास ७० हजार. पंधरा वर्षं घेतली तर ५७ हजार, पण मग एकूण १ कोटी २ लाख जातात. दादा चष्मा काढून पुसायला लागला. हा आकडा कन्सल्टन्सीनं त्याला सांगितला नव्हता. त्यांनी फक्त "मोरॅटोरियम आहे, हप्ता लगेच नाही, काळजी नको" एवढंच सांगितलं होतं.

गंमत अशी की तिथे नोकरी लागली तर हे कर्ज काहीच नाही. ७८ हजार डॉलरचा साधा, घोड्याचा नव्हे असा पगार धरा. कर जाऊन महिन्याला पाच हजार डॉलरच्या आसपास हातात. ७० हजार रुपये म्हणजे ८०० डॉलरही नाहीत. दोघा-तिघांत घर घेऊन, डबा स्वतः करून तो महिना दोन हजार डॉलर पाठवायला लागला तर सगळं कर्ज तीन वर्षांच्या आत संपतं. मी हे खोटं खोटं कमी करून दाखवलं नाही. माझ्या ओळखीतली दोन-तीन पोरं असंच फेडून मोकळी झालीत.

आणि तोच पोरगा परत आला तर? दोन वर्षांची डिग्री, अनुभव शून्य. चाकणमध्ये साडेसात लाखांचं पॅकेज मिळालं तरी हातात ५५ हजार. हप्ता ७०. जेवायच्या आधीच पंधरा हजार कमी. व्याजावरची आयकराची सवलत फक्त जुन्या करप्रणालीत मिळते, आणि एवढ्या पगाराला आता नव्या प्रणालीत तसाही कर लागत नाही, तेव्हा तो आधारही नावापुरताच.

एकच हप्ता. तिथून भरला तर चिल्लर, इथून भरला तर गळफास. मग प्रश्न पगार किती हा उरतच नाही, पगार कुठला हा उरतो. आणि ते पोराच्या हातात कितपत आहे?

हे भाच्याला माझ्याहून जास्त ठाऊक होतं. डिग्रीनंतर ओपीटीचे, म्हणजे तिथेच काम करायच्या परवानगीचे, बारा महिने, इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग विज्ञान-तंत्रज्ञानाच्या 'स्टेम' यादीत येतं म्हणून आणखी चोवीस. छत्तीस महिने. पण पहिल्या ओपीटीत बेकारीचे मिळून ९० दिवस झाले की तिथे थांबता येत नाही. पुढे एच-१बी हा कामाचा व्हिसा हवा, त्याची वर्षाला ८५ हजारांची मर्यादा, अर्ज त्याच्या कितीतरी पट, म्हणून लॉटरी. त्यात २०२५ च्या सप्टेंबरात नव्या अर्जांवर एक लाख डॉलर शुल्काची घोषणा झाली. तिथेच शिकून व्हिसा बदलून घेणाऱ्यांना ते लागू नाही, असा खुलासा नंतर आला. ही बातमी सांगताना भाच्याचा आवाज जरा चढला होता, सुटकेचा. मी म्हटलं, "अरे, महिन्याभरात घोषणा आणि खुलासा दोन्ही आले. तुझी लॉटरी लागायची ती २०२९ च्या आसपास." तो गप्प बसला. मलाच वाईट वाटलं.

दादा मात्र उसळला. "आण्णांनी तुझ्या वेळेला एवढं गणित मांडलं होतं काय गं? सही केली आणि मोकळे झाले."

हे बोलणं लागलं. कारण अर्धं खरं आहे.

आण्णा यंत्रमागावर जॉबर होते, म्हणजे माग नीट चालते ठेवणारे. चोवीस माग त्यांच्याकडे. कुठला माग कधी धागा तोडणार हे त्यांना आवाजावरून कळायचं. खडखडाटात बसून "तो तिकडचा बघ, पिकिंग चुकतंय" म्हणायचे. कापडाची मजुरी पिकांवर, म्हणजे आडव्या धाग्यांच्या मोजणीवर, आणि मीटरवर, म्हणून माग बंद म्हणजे सगळ्यांचाच खिसा बंद. त्यांनी कधी इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग हा शब्द ऐकला नाही, पण बॉटलनेक, म्हणजे सगळं काम जिथे अडतं ती जागा, काय असते हे मला कॉलेजच्या आधी त्यांनीच शिकवलं. २००१ साली माझ्या डिग्रीसाठी त्यांनी सव्वा लाखाचं कर्ज काढलं. तारण नाही, मालकांची जामिनाची सही. आणि गणित त्यांनी मांडलं होतं, दादाला माहीत नाही. लाल पुठ्ठ्याच्या डायरीत मागच्या पानावर: 'पोरीला नोकरी नाही लागली तर हप्ता रु. ३,६००, माझी ओव्हरटाइम रु. १,४००, बाकी?' त्या 'बाकी'पुढे काही लिहिलेलं नाही. ती डायरी माझ्याकडे आहे.

नोकरी लागली. २००५ साली ७,२०० रुपये पगार, हप्ता ३,६१०. निम्मा. पिंपरीत एका खोलीत आम्ही चौघी, संध्याकाळचा डबा दोघींत एक. हे मी रडगाणं म्हणून सांगत नाही, तेव्हा सगळ्यांचं तसंच होतं. सांगायचं वेगळंच आहे. पहिल्या दीड वर्षात मला बंगळुरूला प्लॅनिंग सॉफ्टवेअरच्या कामाची संधी आली होती. सहा महिने प्रशिक्षण, तेवढ्या काळात पगार पाच हजार, मग दुप्पट. आणि इथली नोकरी तर अशी होती की बारा-बारा तास उभं राहून वर बोलणी खायची. तरी मी बंगळुरूला नाही म्हटलं. पाच हजारांतून हप्ता गेला की तेराशे नव्वद उरत होते. त्या सहा महिन्यांनी माझी पुढची पाच-सात वर्षं ठरवली.

कर्ज फिटलं, वेळेवर फिटलं. बँकेच्या हिशोबात मी आदर्श कर्जदार. पण जी नोकरी मी घेऊ शकले नाही ती कुठल्याच तक्त्यात येत नाही. हप्ता मोठा असला की माणूस मिळेल ते काम धरतो आणि वाईट काम सोडत नाही. ९० दिवसांचं घड्याळ लागलेला पोरगा तर दहाव्या दिवशी गोदामात पॅलेट मोजायचं कामसुद्धा 'इंजिनिअर' नावाखाली घेईल.

चहा झाल्यावर मी गणित उलटं फिरवलं. आमच्याकडे लाईनचा वेग ठरवताना मशीन किती जोरात पळतं हे आधी बघत नाहीत. गिऱ्हाइकाला दिवसाला किती नग हवेत ते घ्यायचं, त्यानं हातातला वेळ भागायचा. त्याला टाक्ट म्हणतात. तसंच इथे. परत यावं लागलं तर ५५ हजारांतून तू किती हप्ता भरू शकतोस? भाच्यानं बोटं मोजली, म्हणाला, घरी राहिलो तर ३५. मग दहा वर्षांत ३५ हजारांनी किती फिटतं? साडेसव्वीस लाख. त्यातून शिकतानाचं व्याज वजा केलं की मुद्दल साडेबावीस. फार तर तेवीस.

"म्हणजे तेवीसच्या वर कर्ज नको?"

"तेवीसच्या वर गेलास तर वरचं सगळं लॉटरीवर लावलेलं. आणि लॉटरीला घर लावायचं का, ते तुझ्या बापाला विचार."

वहिनी इतका वेळ दारात उभ्या होत्या. त्या फक्त म्हणाल्या, "घर आत्याचंबी आहे, कायद्यानं." खोली एकदम शांत झाली. मी कधी हिस्सा मागितला नाही, मागणारही नाही, पण सही माझीही लागणार होती. हे दादानं मला अजून सांगितलंच नव्हतं. फाइल कशासाठी आली होती ते मला तेव्हा कळलं.

मी रागावले नाही. म्हणजे रागावले, पण बोलले नाही.

तेवीस लाखांत काय होतं याचाही विचार केला. दोन वर्षं इथे नोकरी करायची, चार-पाच लाख साठवायचे, मग स्वस्त विद्यापीठं आणि असिस्टंटशिप, म्हणजे विद्यापीठातलंच पगारी काम, मिळण्याची शक्यता असलेलेच अर्ज. अनुभवाचा उपयोग तिथे नोकरी शोधताना होतो, आणि परत आलं तरी कोरी पाटी राहत नाही. दुसरा रस्ता गेट परीक्षेचा. मुंबई आयआयटीत इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग आणि ऑपरेशन्स रिसर्च आहे, खरगपूरला वेगळा विभागच आहे, आणि गेटवरून एम.टेक.ला गेलं तर महिन्याला १२,४०० रुपये उलट आपल्याला मिळतात. पण यंदाच्या गेटचा फॉर्म त्यानं भरलाच नव्हता. मुदत दिवाळीच्या आधीच संपली. पवईची निटी ही संस्था, १९६३ पासूनची, इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगचंच नाव घेऊन सुरू झालेली, २०२३ पासून आयआयएम मुंबई झाली; तिथली वाट आता कॅट परीक्षेवरून एमबीएची. भाच्याला एमबीए म्हटलं की शिसारी येते. येईना का. मला त्याच्या वयात यायची.

पुण्याला परत आल्यावर पंधरा दिवसांनी एका शनिवारी तो आला. म्हटलं, चल, लाईन तरी बघ, ज्यासाठी एवढं चाललंय ते काम काय असतं. परवानगी काढली, सेफ्टी शूज दिले, पिवळ्या पट्ट्याच्या आत पाय टाकायचा नाही असं बजावलं, आणि ब्रॅकेटच्या लाईनजवळ उभं करून मी मीटिंगला गेले. तासाभरानं आले तर तिथेच उभा. फोन खिशात. वहीवर लिहिलेलं: 'तिसऱ्या स्टेशनला वॉशरसाठी दर नगाला दोनदा वाकतो. ट्रे डावीकडे हवा. ऑपरेटर डावखुरा आहे.'

ट्रेचं मलाही माहीत होतं, पुढच्या आठवड्यात हलवायचाच होता. तो डावखुरा आहे हे मला तीन महिन्यांत दिसलं नव्हतं.

रात्री दादाला फोन केला. पोरगं या कामाचं आहे, हे सांगितलं. तो खूश झाला आणि लगेच म्हणाला, "मग फाइल बँकेत देऊ का?"

"तेवीसची देतोस का?"

तिकडून बराच वेळ काही आवाज नाही. मागे टीव्ही चालू होता. मग म्हणाला, "बघतो. तुझ्या वहिनीशी बोलतो."

अजून बोलतोय.